तात्या, खडप सोडा!

समुद्राजवळ नोकरी केली की मासे मिळोत न मिळोत, किस्से मात्र जाळं न टाकताच मिळतात. संध्याकाळी ऑफिसला कुलूप लावण्याआधी आम्ही तिघं पायरीवर चहा घेत बसतो, तेव्हा एक निघाला की त्याच्या मागून दुसरा आलाच! लग्नकार्यात कुणी विचारतं, "तू नेमक्या काय करतंस गो?" तर मी सरळ एखादा किस्साच सांगून टाकते. नोकरी समजावण्यापेक्षा ते सोपं पडतं.

तरी थोडक्यात सांगते. मालवणात आमचं एक छोटं समुद्र माहिती केंद्र आहे. मेधाताई आमच्या प्रमुख. मूळच्या पुण्याच्या, समुद्री जीवशास्त्रात डॉक्टरेट, आणि पक्क्या शाकाहारी. अन्वरभाई देवगडकडचा. डायव्हिंग, होडी, इंजीन, प्रोजेक्टर आणि मेधाताईंचा राग, हे सगळं तोच सांभाळतो. आणि मी सायली. माझं काम बोलायचं. समुद्राचं विज्ञान लोकांना कळेल असं सांगायचं, मग लोक समुद्र जपतील, अशी एकूण योजना. योजना करणारा माणूस आमच्या भागात कधी बोललेला नसावा.

गेल्या वर्षी आमच्यासमोर एकच मोठं काम होतं. जवळच्या एका गावासमोर पाण्याखाली भलंमोठं खडप, म्हणजे खडकांचा पसारा, आहे. (गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर पुढच्या सुट्टीत तिथे स्नॉर्केलिंगच्या होड्यांची रांग लागेल.) त्या खडपाच्या कपारीत शेवंडी, म्हणजे हॉटेलवाल्यांचे लाडके लॉब्स्टर, आणि गोबऱ्यासारखे मोठे मासे राहतात. हल्ली दोन्ही फार कमी झालेत. मेधाताईंचं म्हणणं, गावाने एक हंगाम ते खडप पूर्ण मोकळं सोडावं. जाळं नाही, नांगर नाही, पर्यटक नाहीत. आमचं केंद्र चालवणाऱ्या मुंबईच्या संस्थेनेही कळवून टाकलं होतं, वर्ष संपायच्या आत एक तरी गाव तयार झालं तर केंद्र राहील, नाहीतर बंद!

आणि त्या गावात शब्द चालायचा जयवंततात्यांचा. सगळी हयात मासेमारीत गेलेली, आवाज मोठा, मिश्या त्याहून मोठ्या. तात्या पहिल्याच भेटीत म्हणाले, "जमाचा नाय!"

*

पहिली सभा देवळाच्या मंडपात. मेधाताईंनी रात्रंदिवस खपून स्लाइड शो बनवला होता. प्रत्येक माशाचा सुंदर फोटो, खाली त्याचं शास्त्रीय नाव. पडद्यावर पहिला मासा आला आणि मंडपात एकदम जिवंतपणा आला.

"ह्यो खंय गावलो?"

"हेचा सुक्या करूक व्हया."

"सुक्या कित्याक? तिकला!"

सुकं करायचं की झणझणीत कालवण, असे दोन गट पडले. मेधाताई बिचाऱ्या "त्याचं परिसंस्थेतलं स्थान" सांगत राहिल्या आणि मंडपात त्याचं जेवणातलं स्थान ठरत राहिलं. मला हसू आवरेना. अन्वरभाई प्रोजेक्टरमागे तोंड लपवून बसला होता.

मग गोबऱ्याचा फोटो आला. मेधाताईंनी सांगितलं, "गोबरा लहान असतो तेव्हा मादी असतो. वय वाढलं, आकार वाढला, की त्यातल्या काहींचा नर होतो. म्हणून सगळे मोठे गोबरे पकडले तर नर उरतच नाहीत. पुढची पिल्लं होणार कशी?"

मंडपातली पाककृतींची चर्चा थांबली. मला वाटलं, पटलं! एवढ्यात मागून सुलूकाकी उठल्या. सुलूकाकी मासळीबाजारात बसतात, आणि त्यांच्यासमोर तात्यासुद्धा जपून बोलतात. काकी म्हणाल्या, "अगो बाय माझे! म्हणजे तेंका म्हातारपणी तरी सुटका आसा!"

बायका अशा काही हसल्या की सभा तिथेच संपली. पण दुसऱ्या दिवशी बाजारात काकींनी एका छोट्या गोबऱ्याकडे बोट दाखवून गिऱ्हाइकाला सांगितलं, "ही अजून बायल आसा, व्हरू नको." गिऱ्हाईक घाबरून बांगडे घेऊन गेलं.

*

त्याच गावच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्रात सोडायचा कार्यक्रम होता. एक मोठे पाहुणे बोलावले होते. आता पिल्लं म्हणजे तळहातावर मावतील एवढी, त्यांना फक्त पाणी कळतं. पण पाहुण्यांच्या माणसांनी किनाऱ्यावर लाल फीत बांधली होती. साहेब फीत कापणार, मग पिल्लं सोडणार.

साहेबांनी भाषण सुरू केलं. समुद्र आपली माता आहे इथपासून सुरुवात झाली. इकडे टोपलीत पिल्लांची वळवळ वाढली. मेधाताई मला खुणा करत होत्या, मी अन्वरभाईला खुणा करत होते. ऊन चढायला लागलं. शेवटी अन्वरभाईने कुणाला न विचारता टोपली वाळूवर आडवी केली. पिल्लं निघाली ती थेट फितीच्या खालून! साहेब "आणि म्हणूनच" पर्यंत पोचले होते, तोवर पहिली चार लाटेत.

अन्वरभाई नम्रपणे म्हणाला, "साहेब, उद्घाटन झालां!"

मला वाटलं आता आमची धडगत नाही. पण साहेब कात्री हातात तशीच धरून बघत राहिले. मग बूट काढून वाळूवर बसले. "परत येतात का हो ही?" त्यांनी हळूच विचारलं. मेधाताईंनी सांगितलं की माद्या मोठ्या झाल्या की अंडी घालायला बहुधा आपल्या जन्माच्या किनाऱ्याकडेच परत येतात.

"बाळंतपण म्हायेराकच व्हया!" सुलूकाकी म्हणाल्या. "सासरी कोण बघता?"

त्या दिवसापासून गावातल्या बायका किनाऱ्यावर भटकी कुत्री फिरकू देत नाहीत. आमच्या पोस्टरांनी जे झालं नव्हतं ते काकींच्या एका वाक्याने झालं, आणि याचा मला आनंदच आहे. पोस्टर मी केलं होतं, तरीही!

*

आमची एक हेल्पलाइन आहे. जखमी कासव, किनाऱ्यावर आलेली डॉल्फिन, असं काही दिसलं तर फोन करा. एका सकाळी मुंबईच्या एका पर्यटकाचा फोन आला. "लवकर या! इथे एक कासव बुडतंय!"

अन्वरभाईने फोन स्पीकरवर टाकला. "कुठे बुडतंय साहेब?"

"समुद्रात! आत्ता वर होतं, खाली गेलं, आता दिसतच नाही!"

दुसरा कुणी असता तर हसला असता. अन्वरभाई कुणाच्याही तोंडावर हसत नाही, हा त्याचा मोठेपणा. तो म्हणाला, "साहेब, त्याला सवय आहे. जरा धीर धरा. श्वास घ्यायला वर येईल."

"म्हणजे ते पाण्यात श्वास घेत नाही?"

"नाही साहेब. आपल्यासारखीच त्यालाही हवा लागते."

फोन बंद झाला. आम्ही विसरूनही गेलो. बऱ्याच वेळाने पुन्हा त्याच माणसाचा फोन. आता तर ओरडतच होता, "आलं! वर आलं! श्वास घेतला! मी बघितला!" मागून बायको-मुलांच्या टाळ्या. आणि मग एकदम आवाज उतरवून त्याने विचारलं, "पण मग, जाळ्यात अडकलं तर?"

हा प्रश्न माणसाच्या तोंडून यावा म्हणून आम्ही किती सभा घेतो! याला तो भर उन्हात उभं राहून सुचला.

*

मुंबईच्या एका कॉलेजची पोरं किनारा स्वच्छ करायला येणार होती. मी गावात महिनाभर आधी सांगून ठेवलं, पाहुणे येणार, सगळ्यांनी सामील व्हा. ठरल्या दिवशी बस आली. पोरं हातमोजे घालून, टोप्या घालून, पिशव्या घेऊन उतरली. बघतात तर काय, किनारा लखलखीत! बाटली नाही, पिशवी नाही, तुटक्या जाळ्याचा धागासुद्धा नाही. वाळूवर झाडूचे फराटे.

मी सुलूकाकींना गाठलं. "काकी, कचरा कुठे गेला?"

"अगो, पावणे येवचे होते ना? सगळ्या बायलांनी काल झाडून काडला! पावण्यांच्या समोर घाण बरी दिसता?"

मी कपाळावर हात मारला. काकींना खरंच कळेना, माझं काय बिनसलं. पाहुणे येणार म्हटल्यावर अंगण झाडायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. पोरांना सगळ्यांनी धरून आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं खायला घातलं. एका मुलीने मला विचारलं, "मॅम, मग आम्ही आता काय करू?" मी म्हटलं, "जेवा!"

मेधाताई मात्र विचारात पडल्या. परतताना म्हणाल्या, "सायली, आपण दर आठवड्याला पाहुणे आणूया का?"

*

मेधाताईंना बोट लागते. होय, समुद्रशास्त्रज्ञ बाईला बोट लागते! होडी धक्क्यावरून सुटली की त्यांचा चेहरा पिवळा पडतो. लिंबू, आवळा, आलं, सगळं करून झालं. पण एकदा पाण्यात उडी मारली की ठणठणीत. तासभर खाली राहतील. वर घेतलं की पुन्हा सुरू!

दिवाळीनंतर पाणी नितळ झालं. मेधाताईंनी हट्ट धरला, तात्यांनी स्वतःच्या होडीतून आम्हाला खडपावर न्यावं. तात्यांनी नेलं. वाटेत मेधाताईंची अवस्था बघून ते अन्वरभाईला म्हणाले, "ही बाय पाण्याखाली बरी, भायर काडली की बिघडता. ही माणसाची जात न्हय रे, माशाची!" पण म्हणताना त्यांनी स्वतःचा टॉवेल ओला करून मेधाताईंच्या मानेवर ठेवला.

खडपावर पोचल्यावर मेधाताईंनी तात्यांच्या हातात मास्क दिला. "तात्या, एकदा खाली बघा." तात्या खो खो हसले. "माका दाखवतंस? जल्म गेलो माझो हयसर!" पण सगळा जन्म त्यांनी समुद्र वरूनच बघितला होता. शेवटी पाण्यात उतरले, होडीला धरून तोंड खाली घातलं.

बराच वेळ ते हलले नाहीत. वर आले तेव्हा मिश्यांतून पाणी गळत होतं आणि चेहरा भलताच झाला होता.

"काय तात्या? काय दिसलं?"

"सुनेच्यो चपलो गावल्यो."

आम्हाला काही कळेना. अन्वरभाईने बुडी मारून बघितलं तेव्हा उलगडा झाला. मागे कधीतरी तात्यांचं जाळं या खडपाला अडकून तुटलं होतं. जाळं तरंगावं म्हणून त्यांनी घरातल्या जुन्या चपलांचे तुकडे कापून बांधले होते, त्यात सुनेच्या हिरव्या चपला चुकून गेल्या होत्या आणि घरात त्यावरून गावाला ऐकू जाईल एवढं महाभारत झालं होतं. ते जाळं अजून तिथेच होतं. आणि अजून मासे धरत होतं. काही जिवंत, काही कुजलेले, एक मोठी शेवंड पाय तुटून लटकलेली.

अन्वरभाई आणि मेधाताईंनी जाळं कापून काढलं. तात्या ते पायाशी घेऊन बसले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. धक्क्यावर उतरताना म्हणाले, "कोणाच्याच पोटात गेला नाय गो. जाळां नुसता मारीत रवला."

*

तुम्हाला वाटेल, आता तात्या तयार झाले. आम्हालाही तसंच वाटलं! पुढच्या सभेत मेधाताई उत्साहाने उभ्या राहिल्या. "संरक्षित क्षेत्र," "प्रजननासाठी विश्रांती," सगळं सांगून झालं. वर्ष संपत आलं होतं. ही सभा फसली तर केंद्राला कुलूप, हे आम्हा तिघांना माहीत होतं आणि गावालाही.

तात्या उठले. "बाय, तुझा सगळा खरा. माझ्या डोळ्यांनी बघलंय. मी उद्या जाळां मारूचा बंद करीन. पण मी सोडलंय की बाजूच्या गावचो येतलो आणि खडप साफ करून जातलो. तेका कोण अडवतलो? तू?"

मेधाताईंनी पाट्या लावायचं सांगितलं. लोक हसले. मला मात्र हसता येईना, कारण तात्यांचं बरोबर होतं. समुद्राला कुंपण कुठे घालणार?

सभा उठायला लागली. तेवढ्यात सुलूकाकी स्वतःशीच म्हणाव्यात तशा म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यांनी भायर पडाचा, काय हालवूचा नाय, आणि देवान सांगल्याशिवाय परतूचा नाय. ही गावपळणच झाली मगे!"

आमच्याकडे काही गावांत गावपळण असते. दर काही वर्षांनी देवाला विचारून सगळं गाव घरदार बंद करून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी! रानात खोपी बांधून राहायचं, गाव देवाच्या स्वाधीन. परत यायचं ते देवाने कौल दिल्यावरच. त्या दिवसांत रिकाम्या गावात शिरायची कुणाची छाती होत नाही. चोराचीसुद्धा नाही.

मंडपात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तात्या मिशीवर हात फिरवत उभेच राहिले. मग म्हणाले, "खडपाची गावपळण?"

"कित्याक नाय?" काकी म्हणाल्या. "मगे येवंदे बाजूच्या गावचो. बघूया येता काय तो!"

दुसऱ्याच सकाळी देवाला कौल लावला. गुरवाने देवावर फुलं चिकटवली. उजवीकडचं पडलं तर होकार. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! तुझी लेकरां खडप मोकळां सोडतत! हयसर जो कोण जाळां मारीत, नांगर टाकीत, तेका तूच बघून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप गरजला. त्यात पुणेरी उच्चारातलं एक "व्हय म्हाराजा" किंचित उशिरा आलं.

फूल उजवीकडचं पडलं! मेधाताईंनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी वाकली. बाहेर आल्यावर त्यांनी तात्यांना विचारलं, "पण तात्या, देव नाही म्हणाला असता तर?"

"मगे परत इचारलो असतो," तात्या शांतपणे म्हणाले. "देवाक तरी सगळा एकदम कसा समाजतला? आमकाच समजवक तुका केदो येळ लागलो!"

*

आता शेवटचा. हा आम्ही सगळ्यांना सांगतो.

ठरल्या दिवशी गावाने खडप सोडलं. शेवंडीची जाळी उचलली, नांगर काढले, पर्यटकांच्या होड्यांचे दोर सोडले. आजूबाजूच्या गावांत बातमी पोचली होतीच. एकही परकी होडी तिकडे फिरकली नाही. आम्ही ऑफिसात पेढे वाटत होतो, तेव्हा तात्या दारात उभे राहिले. पेढा घेतला नाही.

"बाय, खडपार तुझो कॅमेरो आसा मा?"

होता. आदल्या दिवशीच मेधाताईंनी पाण्याखाली लावला होता. त्या म्हणाल्या, "हो तात्या. मासे किती वाढतात ते बघायला. कुणाला त्रास नाही त्याचा."

"काड."

"तात्या, अहो, पुरावा नको का? मुंबईला मी काय दाखवू? मासे वाढले हे सिद्ध केलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा केंद्र बंद करायला निघतील ते!"

"गावपळणीक आमी कोंबयेक पण मागे ठेवणंव नाय," तात्या म्हणाले. "आणि घरात कॅमेरो लावन जातंव काय, पाठीमागे कोण फिरता ता बघूक?"

मग तात्या आत येऊन स्टुलावर बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुझा केंद्र रवाक व्हया, माकाय वाटता गो. पण तूच सांगलंस, सगळ्यांनी भायर रवाचा. तू सगळ्यांत नाय?"

मेधाताई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अन्वरभाई, होडी काढा."

त्या स्वतः गेल्या. जाताना बोट लागली, येताना लागली. कॅमेरा मांडीवर घेऊन पिवळ्या चेहऱ्याने धक्क्यावर उतरल्या, आणि तात्यांनी त्यांना हात धरून वर घेतलं. मग पेढा मागितला.

पुढच्या आठवड्यात मुंबईहून संस्थेच्या साहेबांचा फोन आला. मेधाताईंनी स्पीकर लावला.

"अभिनंदन मॅडम! मग, खडपावर सध्या काय परिस्थिती आहे?"

"माहीत नाही सर."

"म्हणजे? कॅमेरा लावलाय ना?"

"काढला."

"का?"

"आम्ही सगळे गावाबाहेर आहोत सर."

मग साहेबांनी जरा सावधपणे विचारलं, "बरं... मग परत कधी जाणार?"

आणि आमच्या मेधाताईंनी, ज्यांनी आयुष्यात पुराव्याशिवाय एक वाक्य उच्चारलं नव्हतं त्यांनी, अगदी गंभीर आवाजात सांगितलं,

"कौल मिळाला की!"